पहिली गिटार घ्यायची आहे : अकूस्टिक की इलेक्ट्रिक? बजेट 15 हजार

मोगरी (फोंडा)

नमस्कार. मुलगी यंदा नववीत गेली. पेटी ती लहानपणापासून शिकते, वाड्यावरच्या भजनात गाते, आणि आता गिटार हवी म्हणते. हौस चार दिवसांची नाही हे मला पटलंय. मैत्रिणीची गिटार मागून आणते आणि शाळेतून आली की घेऊन बसते. चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) आधी तिला तिची स्वतःची घेऊन द्यायची आहे.

बजेट 15 हजार. अगदीच गरज पडली तर 18 पर्यंत जाईन, त्यापुढे नाही. तिला गात गात वाजवायचंय, पण इलेक्ट्रिकचा आवाजही फार आवडतो, त्यामुळे तिचंच ठरत नाहीये. अंगानं लहानखुरी आहे, बोटं बारीक. आणखी एक काळजी म्हणजे आमचं घर. जुनं, चिऱ्याचं. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा घरात लाकडी वाद्य टिकेल का? ऑनलाइन स्वस्त दिसतात, दुकानात महाग. घ्यावी कुठून? जे वाजवतात, शिकवतात, दुरुस्त करतात, त्या सगळ्यांनी सांगा.

कुळागर

ताई, अकूस्टिकच घ्या. बोटं आधी अकूस्टिकवर तयार झाली पाहिजेत, मग इलेक्ट्रिक सोपी जाते. आमच्या सरांनी आम्हाला असंच शिकवलं आणि मला ते पटतं. शिवाय ॲम्प्लिफायर, केबल, वीज, कसलीच भानगड नाही. उचलली की वाजवली.

सहातारा (मडगाव)

कुळागर, तुमच्या सरांचा मान ठेवून सांगतो, ‘आधी अकूस्टिक, मग इलेक्ट्रिक’ हा नियम मी माझ्या क्लासात लावत नाही. कारण सांगतो.

अकूस्टिकवर नेहमीचा 12 ते 53 चा स्टीलचा संच चढवला, म्हणजे बारीक तार 0.012 इंचाची आणि सगळ्यांत जाड 0.053 ची, तर सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या वर जातो. इलेक्ट्रिकवर 9 ते 42 चा संच असेल तर तोच ताण 40 किलोच्या आसपास. जवळजवळ निम्मा. ज्या पोराला रॉक वाजवायचंय त्याला पहिले सहा महिने दुप्पट ताणाच्या तारा दाबायला लावायच्या, आणि आवाज मात्र त्याला हवा तो कधीच निघायचा नाही. अशी किती मुलं मी गिटार कोपऱ्यात ठेवताना पाहिली आहेत. बोटाला घट्टे पडतातच, दोन्हीकडे पडतात. त्यासाठी शिक्षा म्हणून अकूस्टिक घ्यायची गरज नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा की मुलीच्या कानात कुठला आवाज आहे. मोगरीताई, तुमची मुलगी गाते. गाणाऱ्याला स्वतःच्या आवाजाखाली कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, आधार लागतो आणि तो कुठेही, मांडवात, वर्गात, सहलीला, मिळावा लागतो. म्हणून तिच्यासाठी मीही अकूस्टिकच सांगेन. फक्त कारण वेगळं आहे.

आता अकूस्टिकमध्येही दोन जाती आहेत आणि दुकानात घोटाळा इथेच होतो. एक स्टीलच्या तारांची, दुसरी नायलॉनच्या तारांची, तिला क्लासिकल म्हणतात. नायलॉन बोटांना मऊ लागते, ताण कमी, पण मान रुंद असते. नटजवळ, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीजवळ, स्टीलची साधारण 43 मिलीमीटर, क्लासिकलची 52. बारीक बोटांच्या मुलीला सुरुवातीचे कॉर्ड धरताना हा फरक जाणवतो. आणि क्लासिकलवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. तिची वरची पाटी तेवढ्या ताणासाठी बांधलेलीच नसते, ब्रिज, म्हणजे पाटीवर तारा अडकवायचा लाकडी तुकडा, उखडून येतो.

नायलॉन कधी घ्यायची? शिक्षक क्लासिकल पद्धतीनं, नोटेशन वाचून, बोटांनी वाजवायला शिकवणार असतील तर. गोव्यात बरीच मुलं ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा देतात. त्यात क्लासिकल गिटारची परीक्षा वेगळी आणि रॉक अँड पॉप वेगळी. म्हणून गिटार घ्यायच्या आधी शिक्षक ठरवा आणि त्यांना विचारा. उलट केलं तर दोन गिटारी घ्याव्या लागतात.

आकाराबद्दल. दुकानात भिंतीवर टांगलेल्या बहुतेक गिटारी ड्रेडनॉट असतात, रुंद आणि खोल धडाच्या. लहानखुऱ्या मुलीचा उजवा खांदा त्यावरून वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात दुखायला लागतो. कॉन्सर्ट आकाराची, कमरेत बारीक असलेली बघा. यामाहाची एफएस मालिका तशी आहे, इतर कंपन्यांच्याही मिळतात. नववीतल्या मुलीला तीन-चतुर्थांश आकाराची, लहान मुलांची गिटार घेऊ नका. वर्षभरात अपुरी पडेल.

पेटीमास्तर (डिचोली)

सहातारा, चांगली माहिती दिलीत. माझा प्रश्न पेटीवाल्याचा आहे. आमच्या भजनात गाणारा काळी एक, काळी दोन सांगतो, बायका काळी चार-पाचमध्ये गातात. गिटारवाल्या मुलांना हे सांगितलं की ती गोंधळतात. आणि आमच्या मंडळाची पेटी जुनी, तिच्याशी गिटार कधी जुळत नाही. मोगरीताईंची मुलगी भजनात वाजवणार असेल तर तिला हे दोन्ही आजच कळायला हवं.

सहातारा (मडगाव)

मास्तर, फार मोलाचा प्रश्न विचारलात.

पांढरी एक म्हणजे गिटारवाल्यांचा सी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. नवशिक्याला सी, डी, ई, जी, ए या कॉर्डच्या बोटांच्या सोप्या आकृत्या येतात, काळ्यांचे कॉर्ड अवघड जातात. त्यावर उपाय कापो. मानेवर चिमट्यासारखा बसतो आणि सगळ्या तारा एकदम चढवतो. काळी एक हवी तर पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कापो लावून सीची आकृती. काळी चारला पहिल्याच फ्रेटवर जीची आकृती. काळी पाचला तिसऱ्या फ्रेटवर जीची. पांढरी चारला पहिल्यावर ईची किंवा तिसऱ्यावर डीची. एवढ्यात भजनाच्या बहुतेक पट्ट्या येतात. तीनचारशे रुपयांची वस्तू आहे, यादीत आत्ताच घाला.

पेटी न जुळण्याचं कारण ट्यूनर, म्हणजे सूर जुळवायचं यंत्र. क्लिपचा ट्यूनर ए हा सूर 440 हर्ट्झ धरून चालतो. जुन्या पेटीचे सूर थोडे चढे किंवा उतरलेले असतात आणि ते काही मांडवात बसून बदलता येत नाहीत. म्हणजे गिटारनंच पेटीकडे जायचं. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे ए, धरून ठेवा, ट्यूनर पेटीला लावून काटा किती सरकलाय बघा. चांगल्या ट्यूनरवर 440 चा आकडा खाली-वर करायचं बटण असतं. काटा मधोमध येईपर्यंत आकडा बदला आणि मग त्याच आकड्यावर गिटार लावा. ट्यूनर घेताना हे बटण आहे का, तेवढं विचारा.

आणखी एक, मुलगी भजनात साथ करणार म्हणून. आलापाखाली दर मात्रेला कॉर्ड बदलत बसू नये. सा आणि प एवढेच सूर वाजते ठेवले तरी गाणाऱ्याला जागा मिळते. रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो म्हणजे हेच, सा आणि प. पेटीवर बसलेल्या मुलीला हे शिकवावंही लागणार नाही.

सुतारपक्षी (म्हापसा)

मी गिटार दुरुस्त करतो, म्हणून ओलीबद्दल आणि पैशांबद्दल बोलतो.

ताई, 15 हजार आहेत म्हणून 15 हजारांची गिटार घेऊ नका. दहाच्या आसपासची घ्या आणि उरलेले तिच्यावरच खर्च करा. दुकानात बहुतेक लोक पैसे गिटारीत संपवतात आणि सेटअपला, म्हणजे ती बोटांना सोपी करून घ्यायला, काही उरत नाही. या किमतीची गिटार कारखान्यातून येते तेव्हा तारा फ्रेटपासून बऱ्याच उंच असतात, कारण उंच ठेवल्या की कुठे खरखर होत नाही आणि दुकानदाराकडे तक्रार येत नाही. नवशिक्याला मात्र ती दाबवत नाही. मूल म्हणतं मला जमत नाही. त्याला जमत असतं हो, तार उंच असते.

उंची बघायची सोपी रीत सांगतो. बाराव्या फ्रेटजवळ, जिथे मानेवर दोन ठिपके असतात, तिथे सगळ्यांत जाड तारेखाली एटीएम कार्डं सरकवा. एक कार्ड पाऊण मिलीमीटरचं असतं. तीन कार्डं जेमतेम बसली तर उंची ठीक. चार सहज आत गेली, पाचवंही गेलं, तर ती गिटार सेटअपशिवाय मुलीच्या हातात देऊ नका. सेटअपमध्ये आम्ही मानेचा बाक ट्रस रॉडनं (मानेच्या आतल्या लोखंडी सळईनं) सरळ करतो, नटच्या खाचा योग्य खोल करतो आणि ब्रिजवरची पांढरी पट्टी खालून घासून तारा उतरवतो. सातशे ते बाराशे रुपयांत होतं. त्याच वेळी तारा 10 ते 47 च्या चढवून घ्या, बारीक बोटांना पहिलं वर्ष त्या पुरतात. अगदी तीन-चार हजारांच्या काही गिटारींत फिरवता येईल असा ट्रस रॉडच नसतो. अशी गिटार पावसात वाकली की आमच्याकडेही तिला औषध नाही. म्हणून तेवढ्या खाली जाऊ नका.

आता ओल. गिटारीला हवेत 45 ते 55 टक्के आर्द्रता सुखाची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती 85 च्या वर असते, चिऱ्याच्या घरात तर विचारू नका. लाकूड पाणी पितं, ब्रिजमागची पाटी फुगून वर येते आणि तिच्याबरोबर तारा उंच होतात. मे महिन्यात छान वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये कडक लागते ती यामुळे. दुकानदार सॉलिड टॉप म्हणजे अखंड लाकडाच्या पाटीची गिटार चांगली सांगेल, आणि आवाजाला ती चांगलीच असते. पण ती ओल जास्त पिते. लॅमिनेटमध्ये पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ती कमी हलते. यामाहाची एफ-310 लॅमिनेट, एफजी-800 सॉलिड टॉप. तुमच्या घरासाठी पहिली गिटार मी बेलाशक लॅमिनेटच सांगेन, आणि तुमच्या बजेटला बसतेही तीच. सॉलिड टॉप दुसऱ्या गिटारीला, ती ठेवायची जागा कोरडी झाल्यावर.

सांभाळायचं असं. बाहेरच्या भिंतीला, जिच्यावर पाऊस झोडपतो, तिला टेकवून किंवा टांगून ठेवू नका. आतल्या भिंतीकडे, जाड अस्तराच्या बॅगेत. बॅगेत सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या, रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे भरल्या की कळतं. तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरता येतात. सोबत तीनचारशेचा डिजिटल आर्द्रतामापक टाका. बॅग बंद करून महिनोन्‌महिने विसरू नका, बुरशी आतच धरते. रोज वाजणारी गिटार सगळ्यांत चांगली राहते, कारण ती रोज हाताळली, पुसली जाते. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं तारा वरून आणि खालूनही पुसा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साध्या तारा लवकर गंजतात. थोडे जास्त पैसे टाकून कोटिंगच्या तारा घेतल्या तर पावसाळा काढतात. आणि मे महिन्यात गाडीत ठेवून बाजाराला जाऊ नका. बंद गाडीत सरस मऊ होतो आणि ब्रिज सुटून येतो. मे-जूनमध्ये अशा गिटारी माझ्याकडे येतातच.

कुळागर

एटीएम कार्डाची रीत आत्ताच घरच्या गिटारीवर करून बघितली. चार सहज गेली. सुतारपक्षी, तुमच्याकडे घेऊन येतो.

रात्रपाळी (वास्को)

मी तिशीत शिकायला घेतली आणि सरळ इलेक्ट्रिक घेतली. फ्लॅट लहान, घरी येतो रात्री, शेजाऱ्यांची झोपमोड नको. इलेक्ट्रिकला हेडफोन लावला की शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. ज्यांना दिवसा वेळ नाही त्यांच्यासाठी हा मोठा फायदा आहे, आणि अकूस्टिकच्या आग्रहात तो कुणी सांगत नाही.

खर्चाचं मात्र खरं सांगतो. नवी, भरवशाची इलेक्ट्रिक म्हणजे स्क्वायर, यामाहा पॅसिफिका, आयबानेझ, कोर्ट यांची सुरुवातीची मॉडेलं 15 ते 20 हजारांत येतात. त्यावर हेडफोनची सोय असलेला छोटा ॲम्प पाच-सात हजार, केबल, पट्टा, बॅग. म्हणजे 22-25 हजार धरून चाला. 15 हजारांत बसवायचं असेल तर गिटार जुनी घ्या आणि ॲम्पऐवजी थेट जॅकमध्ये खोचायचा हेडफोन ॲम्प घ्या. मोठा ॲम्प पुढे कधीही घेता येतो. गिटार आणि ॲम्प एकत्र देणाऱ्या स्वस्त पेटाऱ्यांत ॲम्प इतका कमकुवत असतो की कंटाळा येतो.

एक शंका आहे. माझ्या गिटारमधून सतत घूं असा आवाज येतो, तारांना हात लावला की कमी होतो. बिघाड आहे का?

सुतारपक्षी (म्हापसा)

बिघाड नाही. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वरची स्टीलची तार हलली की त्यात वीज तयार होते, म्हणूनच नायलॉनच्या तारा त्यावर चालत नाहीत. एकेरी कॉइलचा पिकअप घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचीही गुणगुण पकडतो. 1955 च्या सुमारास गिब्सन कंपनीत सेथ लव्हरनं दोन कॉइल उलट-सुलट जोडून ती गुणगुण एकमेकींनी मारायची युक्ती काढली, तो हम्बकर. तुमची गिटार एकेरी कॉइलची असणार. मोबाइलचा चार्जर आणि ट्यूबलाइट यांच्यापासून जरा लांब बसून बघा.

पण अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. हे सगळ्यांनीच वाचा. ॲम्पच्या तीन पिनांपैकी मोठी पिन अर्थची असते. ती कापून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून ॲम्प चालवू नका. मांडवात, ओल्या जमिनीवर, गिटार हातात असताना माइकला ओठ लागून झटका बसला तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. आवाज बारीक असला तरी झटका बारीक नसतो. आणि गडगडायला लागलं की ॲम्पची पिन काढून ठेवा. मे अखेर आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा.

तांबडी_माती (पेडणे)

ऑनलाइनबद्दल. आम्ही मुलासाठी एका मोठ्या संकेतस्थळावरून मागवली. खोका बाहेरून धड, आत गिटारीच्या डोक्याशी मानेला बारीक चीर. फोटो पाठवले, बदलून दिली, पण त्यात मुलाची सुट्टी संपली. दुसरी आली ती धड होती, फक्त तारा इतक्या उंच की सुतारपक्षी म्हणतात तसा सेटअप करावाच लागला. किंमत पाहता शेवटी दुकानाइतकीच पडली. ऑनलाइन घेतलीच तर खोका उघडताना मोबाइलवर चित्रण करा, त्याशिवाय तक्रार कुणी ऐकत नाही.

मांडवीपार

गोव्यात राहून गिटार ऑनलाइन घ्यावी याचं मला खरंच वाईट वाटतं. पणजी, मडगावला वाद्यांची चांगली दुकानं आहेत. फुर्तादोजसारखं 1865 पासून वाद्यं विकणारं नाव आपल्याकडे आहे. चार गिटारी हातात घेऊन बघता येतात, हे सुख महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत नाही.

शिक्षकांचंही तेच. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. तिथून तयार झालेल्या गोंयकार वादकांनीच पुढे मुंबईच्या सिनेमांचे वाद्यवृंद उभे केले. तो वारसा अजून गावागावांत आहे. पणजीत कांपालला कला अकादमीत भारतीय संगीताबरोबर पाश्चात्त्य संगीताचाही विभाग आहे. आपल्या मराठी घरांतून मुलं पेटी-तबल्याकडे जातात आणि गिटार म्हणजे ‘त्यांचं’ वाद्य असं अजूनही कुठे कुठे बोललं जातं. ते मला मुळीच पटत नाही. ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांनी तिच्यात बदल करून मोहनवीणा घडवली आणि 1994 मध्ये ग्रॅमी मिळवलं. आरतीला घुमट (मातीचं तालवाद्य) आणि भजनाला गिटार, एकाच घरात का असू नये? मोगरीताई, जवळच्या गावात मांडो (गोव्याची कोंकणी गाणी) शिकवणारे, तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) बँडमध्ये वाजवणारे कुणी असतील, त्यांना जरूर विचारा. उत्तम शिक्षक मिळतील.

मोगरी (फोंडा)

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. मुलीनं हा सगळा धागा वाचला आणि कापोचा भाग वहीत उतरवून घेतला. अकूस्टिक, स्टीलच्या तारा, लहान आकार, लॅमिनेट, एवढं आमचं ठरलं. शिक्षकही बघितले, ते म्हणाले गाण्याची साथ करायची असेल तर हेच बरोबर.

आता एक नवीनच गोष्ट. ओळखीतल्या एका घरचा मुलगा शिकायला परदेशी निघालाय, त्याची तीन वर्षं वापरलेली यामाहा साडेपाच हजारांना देतो म्हणतात. बघायला जाताना काय काय तपासू?

सुतारपक्षी (म्हापसा)

जरूर बघा. जुनी चांगली मिळाली तर नव्यापेक्षा बरी, तिनं गोव्याचे पावसाळे आधीच काढलेले असतात, वाकायची ती वाकून दाखवलेली असते. उजेडात बघा, दिवसा जा.

आधी ब्रिज. लग्नपत्रिकेचा कागद नको, साधं व्हिजिटिंग कार्ड न्या. ब्रिजच्या मागच्या कडेला, जिथे तो पाटीला चिकटलाय, तिथे कार्डाचा कोपरा घालून बघा. कोपरा आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय, नमस्कार करून परत या. नाही शिरला तर गिटार आडवी धरून ब्रिजमागची पाटी डोळ्याच्या रेषेत बघा. किंचित फुगवटा चालतो. टेकाडासारखा दिसला तर नको.

मग मान. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हातानं जिथे मान गिटारीच्या धडाला मिळते तिथे दाबा. तार आता सरळ पट्टीचं काम करते. सातव्या फ्रेटजवळ तारेखाली कागदाएवढी फट दिसली पाहिजे. त्याहून बरीच मोठी दिसली तर मान वाकलीय, पण ट्रस रॉडची जागा असेल तर सुधारता येते. अजिबात दिसली नाही तर मान उलटी गेलीय, तेव्हा मला फोटो पाठवा.

त्यानंतर प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवायचा. कंटाळवाणं आहे, पण एखाद-दुसरा फ्रेट झिजलेला असतो आणि तो असाच सापडतो. मग ट्यूनर लावून मोकळी तार बरोबर लावा आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. काटा पुन्हा मध्यावर यायला हवा. फार सरकला तर वर जाऊन सूर बेसूर होणार, आणि पेटीवर कान तयार झालेल्या मुलीला ते पहिल्या दिवशीच खुपेल. खुंट्या फिरवून बघा, सैल नकोत. शेवटी गोल भोकातून आत नाक लावून वास घ्या. कुबट वास आला तर मोबाइलच्या बॅटरीनं आत बघा, पांढरी बुरशी किंवा सुटलेली पट्टी दिसेल. तारा गंजलेल्या असतील तर घाबरू नका, त्या बदलायच्याच असतात.

पेटीमास्तर (डिचोली)

मुलीला बरोबर न्या ताई. तपासायचं ते तपासा, पण निवड तिच्या हातानं होऊ द्या. हातात घेऊन बसली की तिला खाली ठेवाविशी वाटत नाही, अशी हवी.

मोगरी (फोंडा)

जुनी बघून आलो. कार्डाचा कोपरा ब्रिजखाली सरळ आत गेला. मंडळींना नाराज न करता नको म्हटलं.

मग पणजीला दुकानात गेलो. मुलीनं तीन-चार वाजवून पाहिल्या. मोठी ड्रेडनॉट घेतल्यावर तिचा खांदा खरंच कानाकडे गेला, सहातारा म्हणाले तसाच. शेवटी लहान आकाराची लॅमिनेट घेतली, 9,800 ला. जाड बॅग 1,200, आकडा बदलता येणारा ट्यूनर 450, कापो 350, 10 ते 47 च्या तारा 500, सेटअप 900, सिलिका आणि आर्द्रतामापक मिळून 450. एकूण 13,650. उरलेले पुढच्या तारांना आणि शिकवणीला. दुकानात आधी तारेखाली चार कार्डं जात होती, सेटअपनंतर तिसरं जेमतेम जातं. तिनं एकच कॉर्ड आधी आणि नंतर धरून पाहिला आणि माझ्याकडे बघून नुसती हसली. गिटार आतल्या खोलीत, देवघराच्या भिंतीला ठेवलीय. तिथे मापक 78 दाखवतो, बॅगेत 56.

इलेक्ट्रिक दहावीनंतर, असं आमचं दोघींचं ठरलंय.

सुतारपक्षी (म्हापसा)

बॅगेतले 56 उत्तम. सप्टेंबरपर्यंत 60 च्या आत राखा.

पायवाट (काणकोण)

याच धाग्यात विचारतो. माझा मुलगा डावखुरा आहे, पाचवीत. त्याला डावखुरी गिटार घ्यावी की नेहमीची? दुकानात म्हणाले साधीच घ्या, तारा उलट्या लावून देतो.

सहातारा (मडगाव)

तारा उलट्या लावून देतो म्हणाले त्याला नकार द्या. नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात आणि ब्रिजवरची पट्टी तिरकी असते. नुसत्या तारा फिरवल्या की जाड तारा बारीक खाचांत बसत नाहीत आणि वरचे सूर लागत नाहीत. करायचंच तर नट आणि पट्टी दोन्ही बदलावी लागतात.

कुठली घ्यावी हे मुलगाच दाखवेल. त्याच्या हातात काही न सांगता बॅडमिंटनची रॅकेट द्या आणि गिटार वाजवायची नक्कल करायला सांगा. कुठला हात तारा छेडायला जातो ते बघा. बरीच डावखुरी मुलं आपणहून उजव्या हातानं छेडतात, त्यांना नेहमीची गिटार काहीच जड जात नाही, आणि मित्राची, शाळेची, कुठलीही गिटार उचलून वाजवता येते. डावाच हात पुन्हा पुन्हा पुढे आला तर मात्र त्याला जबरदस्ती करू नका, डावखुरी घ्या. ती दुकानात क्वचितच तयार असते, मागवावी लागते आणि मॉडेलं थोडी मिळतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. पाचवीतल्या मुलाला तीन-चतुर्थांश आकार चालेल. त्याची उंची कळवा, म्हणजे नक्की सांगतो.